धाकट्याची नोंद

“अंगठा परत एकदा दाबा, काका. सरळ.”

फिटरने अंगठा काचेवर दाबला. यंत्र ढिम्मच. छत्तीस वर्षं पाणीखात्यात जड व्हॉल्व्ह फिरवून त्याच्या बोटांवरच्या रेघा पार झिजल्या होत्या. खिडकीमागच्या कारकून मुलीने ओला कपडा पुढे केला. चौथ्या खेपेला एकदाचा हिरवा दिवा लागला.

“झालं. डोळेही घेतले. आता तुमच्या नावावर दुसरं कुणी काही करू शकणार नाही. एक माणूस, एक नाव, एक कार्ड.”

“आणि लपायची सोय नाही,” रांगेत मागे उभा असलेला छत्रीवाला गृहस्थ म्हणाला. “कुठं गेलो, काय घेतलं, सगळं त्यांना कळणार.”

“आपल्याला कुणापासून लपायचंय?” त्याच्यामागची बाई म्हणाली. “माझ्या सासूला बेशुद्ध नेली दवाखान्यात. बोट लावलं, पाच मिनिटांत सगळे जुने रिपोर्ट समोर. नाहीतर गेलीच होती.”

“मग सासू वाचली, हा फायदा धरायचा की तोटा, ते तुम्हीच ठरवा,” छत्रीवाला म्हणाला.

रांग हसली. फिटरही हसला. त्याला रांगेचा कधी कंटाळा येत नसे. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. खोलीवर दिवसदिवस कुणाचा शब्द कानावर पडत नसे. इथे निदान माणसं बोलत होती.

“चौसष्टचे वाटत नाही हं तुम्ही,” मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली आणि थांबली. “काका, गावच्या जुन्या नोंदवहीत तुमच्या घरची चार माणसं आहेत. आईवडील वारल्याची नोंद आहे. तुम्ही आहात. हे धाकटे भाऊ कुठे असतात?”

फिटरने ओल्या कपड्याची घडी करून तो खिडकीत ठेवला.

“त्यांचं कार्ड नाही आणि मृत्यूची नोंदही नाही. तो रकाना मोकळा ठेवून तुमचं कार्ड निघत नाही. आणि तुमच्या नावात, वयात काही चूक असेल तर तेही आत्ताच सांगा. आज बोटांना जे नाव चिकटेल, ते कायमचं.”

बेचाळीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

थोरल्या भावाला पाणीखात्यातून नोकरीचं पत्र आलं, आणि रुजू व्हायच्या आठ दिवस आधी तो मामाच्या घरी तापाने गेला. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले. पत्रावर फोटो नव्हता. “याला पाठवा,” मामा म्हणाला, “नाकडोळे तेच आहेत.” एकोणीस वर्षांचा धाकटा थोरल्याचे दाखले घेऊन, थोरल्याच्या नावाने या शहरात रुजू झाला. आईवडिलांनाही त्याने इथेच आणलं. गाव सुटलं ते सुटलंच. लोकांच्या लेखी थोरला तर रोज कामावर जात होता, मग त्याच्यासाठी रडायचं कसं? आई न्हाणीघरात नळ सोडून रडायची. दार लावलेलं असलं की ती धाकट्याला ‘बारक्या’ म्हणायची. घरात सून आली आणि तेही बंद झालं. बायकोला त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोनतीनदा ओठांवर आलं होतं. पुढे मामा गेला, आई गेली, आणि फिटरचं खरं नाव माहीत असलेलं माणूस जगात उरलं नाही.

आता खरं सांगितलं तर नोकरी खोटी, पेन्शन खोटी, बायकोच्या कागदांवरचा नवराही खोटा. पण या मुलीने एकदा, फक्त एकदाच, त्याला त्याच्या नावाने हाक मारली असती. फिटरने तोंड उघडलं.

“बोला ना, काका.”

“चूक काही नाही,” तो म्हणाला. “भाऊ वारला माझा.”

“कधी?”

“चार मार्च. सकाळी पावणेसात.” त्याने सालही सांगितलं, आणि तापाने गेला हेही.

मुलीचे हात थांबले. “वेळसुद्धा लक्षात आहे?”

“उशाशी मीच बसलो होतो. पाणी मागत होता सारखा. डॉक्टरांनी देऊ नका म्हणून बजावलं होतं. मी दिलं नाही.”

हे तो आजवर कुणापाशी बोलला नव्हता.

“फार वाईट झालं, काका,” ती म्हणाली.

साधंच वाक्य. मयताच्या घरी येणारा कुणीही म्हणतो तसलं. पण थोरल्यासाठी ते फिटरला अजून कुणी म्हटलं नव्हतं. त्याने खिडकीचा कठडा धरला. आधी खांदे हलले, मग हुंदका फुटला आणि तो थांबेना. छत्रीवाल्याने कुठूनशी खुर्ची ओढून आणली, त्याला बसवलं आणि पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मागून कुणी घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने मुलीने छापलेला कागद पुढे सरकवला. “सावकाश वाचा. बरोबर असेल तर खाली सही करा.”

फिटरने चष्मा लावला. मृताचं नाव, तारीख, वेळ, कारण. एकेका ओळीवर बोट ठेवत त्याने कागद दोनदा वाचला. मग सरावाच्या हाताने थोरल्याची सही केली.

त्या कागदावर मेलेल्याचं नाव तेवढं फिटरचं स्वतःचं होतं. बाकी छापलेलं सगळं खरं होतं.