पहिल्या बक्षिसाचा निबंध

गुरुमूर्तींनी चष्मा पुसला, कॉलेजचा वार्षिक अंक हातभर लांब धरला आणि मुलीचा निबंध मोठ्याने वाचायला घेतला. समोर सतरंजीवर निश्चयतांबुलाची ताटं मांडलेली होती. विड्याची पानं, नारळ, केळी, हळदीकुंकू, आणि एका ताटात हिरवी रेशमी साडी. ताटं बदलली की लग्न ठरलं. साडेचारला राहुकाळ लागायचा होता आणि आत्ता कुठे पावणेचार होत होते. तेवढ्यात निबंध सहज होईल, असं गुरुमूर्ती म्हणाले.

निबंध इंग्रजीत होता. विषय होता, दक्षिणेतली मामा-भाचीची लग्नं.

नवरामुलगा वरुणराव हा हरिप्रियाचा सख्खा मामा होता.

हरिप्रिया भिंतीशी बसून एकेकाचं तोंड बघत होती. कॉलेजच्या त्या स्पर्धेत वादग्रस्त सामाजिक आणि नैतिक प्रश्नांवर लिहायचं होतं. बाकीच्या मुलींनी प्लास्टिक, मोबाईल आणि फाशीची शिक्षा घेतली. त्यांच्यापैकी कुणालाही फाशी व्हायची नव्हती. हरिप्रियाने आपलं घर घेतलं. दोन महिने तिला तोंडाने 'नको' म्हणता आलं नव्हतं, म्हणून तिने ते चार पानांत लिहिलं. फक्त 'मी' हा शब्द कुठे येऊ दिला नाही. 'काही समाजांत', 'अशी मुलगी', 'असे म्हणता येईल'. परीक्षकांनी 'निर्भीड' असा शेरा मारून पहिलं बक्षीस दिलं. छापून आलं की घरचे वाचतील, आणि वाचलं की समजतील, असा तिचा बेत होता.

घरचे वाचत होते.

मूल ज्याला मामा म्हणून ओळखतं त्यालाच पुढे नवरा म्हणायला लावणं हा त्या मुलाच्या विश्वासाचा भंग आहे, या वाक्याला गुरुमूर्तींचा आवाज चढला. ओरत्तनाडूच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. वरून पत्र आलं की तिथेही असाच चढत असे. सुशिक्षितांनी तरी ही प्रथा सोडावी, हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा वाचलं. ते स्वतः बीएस्सी होते आणि त्यांनी थोरल्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलं होतं. ती मुलगी, म्हणजे हरिप्रियाची आई कनकलता, बज्जी तळता तळता झारा हातात घेऊन दारात ऐकत उभी राहिली होती. आणि ती बहीण, कामाक्षीआजी, मुलाला, वरुणरावाला, घेऊन तिरुवैयारुहून आली होती. हरिप्रियाची आजी, आत्या आणि आता सासू, अशा तिन्ही जागा तिने एकटीने अडवल्या होत्या. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण मान ती सर्वांत जास्त डोलवत होती.

वाचन संपलं. कनकलताने डोळे पुसले आणि म्हणाली, आपल्या घराण्यात असं इंग्रजी आजवर कुणाला आलं नाही, रिसेप्शनला हे माईकवर वाचायचं.

वरुणराव चेन्नईत मोठ्या कंपनीत होता. त्याने अंक मागून घेतला आणि चारही पानं स्वतः वाचली. हरिप्रिया पुढे सरकून बसली. ज्याला हे समजणार असा घरात तो एकच होता.

"फ्लो चांगला आहे," तो म्हणाला. "पण दुसरी बाजू आली नाही. बॅलन्स कमी पडतो. लग्न झाल्यावर दोघं बसून वाढवू. एखाद्या जर्नलला पाठवता येईल."

या लोकांच्या घराला आग लावली तर उजेड छान पडलाय म्हणतील, असं हरिप्रियाच्या मनात आलं. आणि काडी ओढणारी तरी कोण, तर 'अशी मुलगी'.

कामाक्षीआजीला आता राहवेना. ती लाडाने नातीकडे वळली.

"एवढं सगळे वाखाणतात, मला एकटीलाच काय म्हणून बाहेर ठेवता? मराठीत सांग बघू, कण्णा."

गुरुमूर्तींनी घड्याळ पाहिलं आणि थोडक्यात सांगून टाक म्हणाले.

हरिप्रिया उठून उभी राहिली. पिढ्यानपिढ्या दक्षिणेत राहिलेल्या या घरातली मराठी तिला भूक, ताप, न्हाणं आणि देवाधर्माला पुरत असे. 'विश्वासाचा भंग' त्या भाषेत कुणी कधी केला नव्हता. 'काही समाजांत' याला काय म्हणायचं तेही तिला सुचेना. समोर समाज नव्हताच. मामा होता, पाय पसरून बसलेला.

"वरुणमामा," ती म्हणाली, "लहानपणी तू माझं नाक तुझ्या शर्टाला पुसायचास. मी तुझ्याशी लग्न करणार नाही. आजी, ताटं बदलू नका."

वरुणरावाने पाय आखडून घेतले. या वेळी फ्लोबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं. कामाक्षीआजीने साडीचं ताट एका बोटाने, हळूच, आपल्याकडे ओढलं.

गुरुमूर्तींनी जावयाच्या, म्हणजे मेहुण्याच्या, म्हणजे भाच्याच्या हातातून वार्षिक अंक काढून घेतला. निबंधाचं पान दुमडलं नाही ना ते पाहिलं. मग फार दुखावल्या आवाजात मुलीला म्हणाले,

"इंग्रजीत किती छान लिहिलं होतंस गं."