दुसरी काचपट्टी

“इकडे या, स्वतःच बघा,” म्हणत पॅथॉलॉजीच्या तरुण डॉक्टरबाईंनी वैजयंतीला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तिचे वडील, अण्णा, गेले होते. त्यांचा मागे राहिलेला रिपोर्ट न्यायला ती आली होती. बाईंना ते वारल्याची खबर नव्हती. त्यांच्याकडे माणसं येत नसत, काचपट्ट्या येत.

पहिली पट्टी रेडिएशनच्या आधीची. गुदाशयातल्या कर्करोगाच्या जांभळ्या पेशींची नुसती रेटारेटी. दुसरी, ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाची. तिच्यात फिकट व्रणाखेरीज काही नव्हतं.

“गाठ कुठंय?”

“नाहीच. रेडिएशननं एकूणएक पेशी मारली. फार थोड्यांचं नशीब असं असतं.”

रेडिएशननंतर रक्त पडायचं थांबलं तेव्हा अण्णा म्हणालेच होते, “बरंय की आता, बयो. कशाला कापाकापी?” तिनंच हट्टानं त्यांना ऑपरेशनच्या कागदावर सही करायला लावली होती.

“हे आधी कळलं नसतं?”

“कापून बघितल्याशिवाय खात्री कोण देणार? ते जाऊ द्या. वडिलांना फोन लावा आणि पेढे मागा.”

वैजयंतीनं पुन्हा भिंगाला डोळा लावला. त्या काचेवर अण्णा पूर्ण बरे झाले होते.