पहिली नोट

जत्रेतल्या 'मौत का कुआँ'त, लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर माझी लेक मोटारसायकल फिरवते. पूर्वी मी फिरवायचो. गुडघा गेला तेव्हापासून वर कठड्याशी उभा राहून नोट पुढे धरतो. भरधाव जाताना ती एका हाताने नोट ओढून घेते, मग बघ्यांचेही हात खिशाकडे जातात. खेळाचा मालक देतो ते पेट्रोलात उडतं. आमची चूल पेटते या नोटांवर. माझी नोट मात्र वर्षभर एकच, चिकटपट्टीवर तग धरलेली. खेळ संपला की लेक गुपचूप परत देते. गेल्या दोन गावांत तिला तेवढी एकच मिळाली. आज मी नोट धरली, लेक समोरून गेली, घेतली नाही. दुसऱ्या फेरीलाही नाही. पोरीचा अंदाज चुकतोय की काय? तिसऱ्या फेरीला ती ओरडली, "बाबा, नोट खिशात ठेवा आणि बाजूला सरका. मागच्यांचे हात अडतायत."