सदतीसचं नाव

"अगं, एका आकड्याला नाव द्यायला अख्खी दुपार लागते?" साहेब खुर्चीमागे उभे राहून खेकसले.

हॉस्पिटलात नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम आमची. तिच्या कोडमधल्या प्रत्येक नुसत्या आकड्याला अर्थ सांगणारं नाव द्यायचं, असा हुकूम होता. दोनशे नावं दिली. उरला सदतीस. हीटर सुरू करण्याआधी प्रोग्राम सदतीस मिलिसेकंद थांबतो. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. चुकीचं नाव दिलं तर उद्या कुणीतरी त्यावर विश्वास ठेवून आकडा बदलणार, आणि आत बाळ असणार.

शेवटी हा कोड ज्यांनी लिहिला, त्या निवृत्त दातीर सरांना फोन लावला.

"सदतीस?" ते म्हणाले. "छत्तीसला यंत्र अडकायचं गं. सदतीसला चाललं. का, ते मलाही कळलं नाही. कुणी विचारेल म्हणून बारा वर्षं घाबरतोय."

मी नाव टाइप केलं: कारण_माहीत_नाही.

"हे नाव झालं? ऑडिटवाले वाचतील!" साहेब किंचाळले.

"वाचू देत. निदान सदतीसला हात लावणार नाहीत."