घोडेचोराची पणती

“मुलीच्या पणजोबांचं नाव सांगा,” राजाराम गुरुजी म्हणाले. गुरुजी आठवडाभर कारखान्यात ब्रेकची डिझाइनं करत आणि शनिवार-रविवारी लग्नं लावत. शहाऐंशी साली अमेरिकेत नोव्हायच्या आसपास दुसरं होतं कोण? कन्यादानात मुलीच्या तीन पिढ्या म्हणाव्या लागतात. बापाचं आणि आजोबाचं नाव विचारून झालं होतं.

“टॉमस,” मुलीचा बाप कॉलिन म्हणाला. मग ऑस्ट्रेलियाहून आणलेली कॅसेट वर धरून त्यानं पुढचं सगळं हॉलभर ऐकू जाईल असं सांगून टाकलं.

शैलेंद्रनं, म्हणजे नवऱ्यामुलानं, खाली मान घालून मराठी केलं. “आई, त्यांच्याकडे एक गाणं आहे, या कॅसेटवरचं. पोराटोरांना पाठ असतं. एकजण जमीनदाराची घोडी चोरतो आणि भरल्या पुरात घालून पलीकडे जातो. तो यांचा आजोबा. गाण्यात घोडीचं नाव आहे, चोराचं नाही. गावोगाव म्हातारी माणसं गाठत यांनी अर्धा जन्म घालवला, तेव्हा कुठे नाव सापडलं.”

शैलेंद्रच्या आई, पद्मिनीबाई, खुर्चीत बसल्या, लगेच उठल्या. सून गोरी असली तरी घराणं मोठं, घोड्यांचं, असं त्यांनी अख्ख्या महाराष्ट्र मंडळात सांगून ठेवलं होतं.

“पद्मिनीकाकू,” मागून रेखा म्हणाली, “घोडे होते म्हणालात ना?”

“होते की. दुसऱ्याचे,” तिच्या शेजारची म्हणाली.

बायका हसल्या. पद्मिनीबाई हसल्या नाहीत.

गुरुजींनी आवाज खाली आणला. “पणजोबा राहू देत. तिथं देवाचं नाव घालू. चालतं. मुहूर्त जवळ आलाय.”

शैलेंद्रनं तेही इंग्रजीत सांगितलं. कॉलिन मुलीचा हात धरून बसला होता, तो त्यानं सोडला नाही, पण पुढेही करेना. नवरी, मेगन, बापाकडे बघत नव्हती. सासूकडे बघत होती.

पद्मिनीबाईंनी पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला.

“गुरुजी, देव घोडी चोरायला जातो का?”

“काकू, चारचौघांत…”

“चारचौघांत व्हायचं ते झालंय. आमच्या शैलेंद्रच्या पणज्याचं नाव आमच्यात कुणाला आठवेना, तुम्ही नारायण घातलात, मी गप्प बसले. या माणसानं शोधून आणलंय. टॉमस म्हणा.”

“आणि गोत्र?”

“माझ्या माहेरचं लावा. मामाची मुलगी करतात आपल्यात.”

गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि सूर लावला. त्या लांबलचक संस्कृतात ‘टॉमसस्य प्रपौत्रीम्’ आलं. कॉलिनला आतापर्यंतच्या सगळ्यातला तेवढा एकच शब्द कळला. शैलेंद्रच्या मामानं बांधून दिलेला फेटा त्यानं डोक्यावरून उतरवला आणि त्यांच्यात मयताला टोपी काढून उभं राहतात तसा, तो छातीशी धरून उभा राहिला.

गुरुजी थांबले. ऐन कन्यादानात बोडकं डोकं.

“थांबलात का?” पद्मिनीबाई म्हणाल्या. “पुढचं म्हणा.”