लाल पत्ता

धाकट्या भावाने पुन्हा लाल पत्त्यावर हात ठेवला आणि ताईने मुठीतले फासे टेबलावर आपटले. एक घरंगळत जाऊन प्रकाशकांच्या चहात पडला.

ताईने रचलेल्या खेळाची ही तिसरी चाचणी, आणि तिसऱ्यांदा तोच प्रसंग, तीच ओळ. 'बाप मुलाला खोलीत ओढतो आणि आतून कडी लावतो.' ताईने ती वाचली रे वाचली, की धाकट्याचा हात पत्त्यावर.

नियम ताईचाच होता. टेबलाभोवती बसून एका घरातली माणसं व्हायचं. त्या घरात मारझोड आहे. कोणाला सोसवलं नाही तर त्याने लाल पत्त्यावर हात ठेवायचा, प्रसंग तिथेच थांबतो. कारण कोणीही विचारायचं नाही. नियमपुस्तकाच्या पहिल्या पानावर तिने हे जाड अक्षरांत घातलं होतं.

"दर वेळी इथेच घोडं पेंड खातं," प्रकाशक चमच्याने फासा काढत म्हणाले. त्यांच्याकडे बापाची भूमिका होती. "खेळ शेवटपर्यंत जाणार नसेल तर मी छापणार नाही. आज शेवटची संधी, बाई."

ताईची चार वर्षं या खेळात गेली होती. वडील जाऊनही राग गेला नव्हता, तो तिने पानापानांत ओतला होता. भेटेल त्याला ती सांगायची: आई कामावर, भाऊ बापाबरोबर आत आणि अकरा वर्षांची मी दाराबाहेर एकटी. दार बडवून हात सोलवटले माझे. त्या घरात जो हाताला लागेल तो मार खायचा, त्या दिवशी भाऊ लागला.

"पण ही मोठी बहीण नुसती उभीच का राहते?" बहिणीची भूमिका घेतलेल्या शिक्षिकेने हातातला कागद उलटून पाहिला.

"करणार काय ती? दार आतून बंद आहे!" ताई तिच्यावर खेकसली. मग भावाकडे वळली. "आणि तू! मार तूच खाल्लास ना? मग त्या राक्षसाला का पाठीशी घालतोस? लोकांना कळू दे की!"

धाकटा मान खाली घालून बसला होता. "कारण विचारायचं नाही, ताई. तुझाच नियम आहे."

"खड्ड्यात गेला नियम! तुझ्यासाठी केला मी हा खेळ. तुझ्यासाठी! आणि तूच त्यावर पाणी फिरवतोस. आज कारण सांगितल्याशिवाय इथून हलायचं नाही."

"नको."

"सांग म्हणते ना!"

धाकट्याने पत्त्यावरचा हात काढून मांडीवर घेतला. आता त्यालाही राग आला होता, पण आवाज चढला नाही.

"माराचं मला काही नाही. तो तोंडपाठ आहे. ती ओळ खोटी आहे, म्हणून थांबवतो. वाटलं होतं, एखाद्या चाचणीला तू स्वतःच बदलशील."

"कुठली ओळ?"

"त्या दाराला आतून कडी नव्हतीच, ताई. बाहेरून होती."

शिक्षिकेने हातातला बहिणीचा कागद हळूच टेबलावर ठेवला. प्रकाशकांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

ताईने लाल पत्त्यावर हात ठेवला.