चौगुलेमामांची थाप

टेस्टिंगच्या टेबलावर चौगुलेमामांनी नव्याकोऱ्या टीव्हीला डाव्या बाजूने एक सणसणीत थाप दिली. चित्र आलं आणि मामांनी 'पास'चा शिक्का हाणला. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. दुकानदार माल परत पाठवत होते आणि कंपनी बुडत चालली होती.

नव्या एमडी वर्तकबाई मागेच उभ्या होत्या. "ही थाप गिऱ्हाइकाला कोण शिकवणार, मामा?" असं म्हणून त्यांनी मामांना उचललं आणि तक्रारींच्या फोनवर नेऊन बसवलं.

मामांना त्यात काय अवघड! "डावी बाजू, ताई. वरून चार बोटं खाली. हं, आता द्या ठेवून!" दोन दिवस ते गावोगावच्या लोकांना हेच शिकवत राहिले.

तिसऱ्या दिवशी फोनवर ओळखीचा आवाज कडाडला. "बडवून बडवून हात सुजला माझा! आमचे हे घरी असले की एका थापेत लागतो. तुमचा टीव्ही घ्यायचा म्हणजे नवराही तुमच्याच कंपनीतला करायचा का?"

मामांनी आवाज बदलून बायकोची तक्रार लिहून घेतली आणि थेट आपलं टेबल गाठलं. त्या दिवशी दोन्ही हात पाठीमागे धरून त्यांनी चाळीस टीव्ही तपासले. एकही पास झाला नाही. आत तारांचे कच्चे टाके मारणारे सोल्डरिंगवाले खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होते.

वर्तकबाईंनी तो नापासांचा ढीग डोळे भरून पाहिला आणि पेढे मागवले.